कुणाचं वर्ष?

मी संशोधक नाही. दुसऱ्यांच्या संशोधनातले संदर्भ तपासून देणं हे माझं काम. कुणी पुस्तक लिहीत असतं, कुणी प्रबंध, कुणी कोर्टात द्यायचं टिपण. त्यातलं प्रत्येक वर्ष, प्रत्येक आकडा, प्रत्येक नाव मूळ ठिकाणी जाऊन पाहायचं आणि कार्डावर उतरवून द्यायचं. वीस वर्षं हेच करते आहे. त्यातली दोन वर्षं अशी गेली की टेबलावर एकाच वेळी तीन कामांचे गठ्ठे होते. एक खगोलशास्त्राच्या बाईंचा, एक वकीलसाहेबांचा आणि एक इतिहासाच्या सरांचा. या तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. मला वाटलं होतं, तीन विषय म्हणजे तिप्पट वाचन, बाकी काम तेच. ते तसं नव्हतं हे पहिल्याच महिन्यात कळलं.

बाईंच्या मसुद्यात बॅबिलोनहून दिसलेल्या एका खग्रास सूर्यग्रहणाचा उल्लेख होता. वर्ष लिहिलं होतं −१३५. मी कार्डावर ‘इ.स.पू. १३५’ असं उतरवलं आणि पुढे गेले. उणे म्हणजे ख्रिस्तापूर्वी, त्यात विचार काय करायचा? कार्ड बाईंकडून परत आलं तेव्हा कोपऱ्यात पेन्सिलीने तीनच शब्द होते: ‘शून्य कुठे गेलं?’

बराच वेळ मला प्रश्नच कळला नाही. मग उलगडा झाला. इतिहासाच्या कालगणनेत शून्य साल नाही. इ.स.पू. १ संपलं की थेट इ.स. १ सुरू. वजाबाकी करणाऱ्याला हे परवडत नाही. दोन ग्रहणांमधला काळ मोजायचा तर मधे खड्डा नको. म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी इ.स.पू. १ लाच शून्य ठरवलं, इ.स.पू. २ ला उणे एक, आणि तसंच मागे मागे. त्यांचं −१३५ म्हणजे इतिहासकाराचं इ.स.पू. १३६. माझ्या कार्डावरच्या वर्षी बॅबिलोनवर तसलं ग्रहण झालंच नव्हतं. एका वर्षाने चुकणं हे ग्रहणाच्या बाबतीत थोडक्यात चुकणं नसतं.

त्या ग्रहणापाशी मी नंतर कामापेक्षा जास्त रेंगाळले, ते इथेही थोडं रेंगाळते.

नोंद आहे मातीच्या पाटीवर. ओल्या मातीत बोरू टोचून लिहिलेली कीलाकार लिपी, आणि मजकूर एखाद्या कारकुनाने रोजकीर्द लिहावी तसा कोरडा. सूर्योदयानंतर २४ अंशांनी ग्रहण लागलं. त्यांचा एक अंश म्हणजे आपली चार मिनिटं, तेव्हा ९६ मिनिटांनी. शुक्र दिसला, बुध दिसला, तारे दिसले. गुरू आणि मंगळ यांचा तेव्हा अस्त होता, तेही ग्रहणात दिसले. भर सकाळी काळोख झाला, लोक घाबरले असतील, ओरडले असतील, त्यातलं एक अक्षर नाही. लिहिणारा मात्र अस्त असलेले ग्रहसुद्धा टिपून ठेवतो. मला तो माणूस फार आवडतो. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही.

आता गंमत अशी की पृथ्वी आजच्याच वेगाने तेव्हाही फिरत होती असं धरून गणित मांडलं, तर त्या ग्रहणाची खग्रास पट्टी बॅबिलोनवरून जातच नाही. ती जवळजवळ ४९ अंश पश्चिमेला, भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटाच्या बाजूला सरकते. म्हणजे एकतर पाटी खोटी बोलते आहे किंवा पृथ्वी. पाटी खरी निघाली. पृथ्वीचं फिरणं मंदावत आलं आहे. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीचं घर्षण तिला सतत ब्रेक लावतं. हिमयुगातला बर्फ वितळल्यावर त्याखाली दबलेली जमीन वर येते आहे, त्यामुळे तो ब्रेक किंचित सैल होतो. दोन्हींची गोळाबेरीज म्हणजे दिवस शतकामागे सुमारे १.८ मिलिसेकंदाने लांबतो. पापणी लवायला याच्या पन्नासपट तरी वेळ लागत असेल. पण साडेसात लाखांहून जास्त दिवस हा फरक साठत गेला की घड्याळ सव्वातीन तासांनी चुकतं, आणि सव्वातीन तास म्हणजेच ते ४९ अंश.

फ्रान्सिस रिचर्ड स्टीफन्सन आणि लेस्ली मॉरिसन या दोघांनी बॅबिलोनी, चिनी, अरबी, युरोपीय अशा जुन्या नोंदी गोळा करत हे काम कित्येक दशकं केलं. कुठल्याही प्रयोगशाळेत दोन हजार वर्षांचा प्रयोग लावता येत नाही. तो बॅबिलोनमधल्या कारकुनाने लावून ठेवला होता, स्वतःला पत्ता नसताना. भूभौतिकीच्या माणसाला पृथ्वीचा वेग हवा असेल तर त्याला कीलाकार लिपी वाचणाऱ्याच्या दारात जावं लागतं, आणि लिपी वाचणाऱ्याला साल पक्कं करायचं असेल तर ग्रहणाचं गणित करणाऱ्याच्या. मात्र दोघांनी आधी शून्याचं ठरवून घ्यायला हवं.

शून्याचा धडा घेतल्यावर मी जरा जास्तच सावध झाले आणि वकीलसाहेबांच्या मसुद्यात तोंडघशी पडले. त्यांनी इंग्लंडच्या ‘बिल ऑफ राइट्स’चा हवाला दिला होता. राजाच्या अधिकारांना वेसण घालणारा हा कायदा. त्यांनी वर्ष लिहिलं होतं १६८८. मी मूळ पाहिलं: राजाराणीची संमती मिळाली १६ डिसेंबर १६८९ ला. चक्क एका वर्षाची चूक! मी लाल शाईने १६८९ केलं. कुणाची तरी चूक सापडली की जे एक बारीकसं समाधान मिळतं ते मला मिळालं, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन.

“अहो, १६८८ खोडलंत का?”

“संमती १६८९ ची आहे, साहेब.”

“असेल. पण कायद्याचं नाव ‘बिल ऑफ राइट्स १६८८’ आहे. उद्या मी १६८९ चा कायदा म्हणून दाखला दिला तर समोरचा वकील उठून म्हणेल, असा कायदाच नाही.”

“पण साहेब, घडलं तर १६८९ मधेच.”

“घडलं कधी ते इतिहासकाराला विचारा. मला तो सापडतो कुठे ते हवं आहे.”

कारण शोधायला बसले तर ते फारच मजेशीर निघालं. विल्यम आणि मेरी गादीवर आले १३ फेब्रुवारीला. तेव्हाच्या इंग्लंडमधे नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, १ जानेवारीला नव्हे. ते बदललं १७५२ पासून. त्यामुळे ज्याला आपण फेब्रुवारी १६८९ म्हणतो तो त्यांच्या लेखी फेब्रुवारी १६८८ होता. कायदे नोंदवायचे ते राज्यवर्षानुसार, म्हणजे राजा गादीवर आल्यापासून मोजलेल्या वर्षानुसार. आणि त्या पहिल्या राज्यवर्षातले सगळे कायदे अधिकृत सूचीत १६८८ च्या खात्यावर पडले, डिसेंबरमधला हाही. पुढे कॅलेंडर बदललं, राज्यवर्षं मोजायची पद्धत गेली, तरी नाव तेच राहिलं. कायद्यात एकदा लागलेलं नाव सहजासहजी सुटत नाही.

याच वाचनात आणखी एक सापडलं, त्याने तर मी हबकलेच. १७९३ पर्यंत इंग्लंडमधे नवा कायदा, त्यात वेगळी तारीख दिली नसेल तर, संसदेचं अधिवेशन ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवसापासून लागू झाला असं धरत. म्हणजे अधिवेशन जानेवारीत सुरू झालं आणि कायदा जूनमधे मंजूर झाला, तर मार्चमधे तुम्ही केलेली गोष्ट, जी मार्चमधे गुन्हा नव्हती, ती जूनमधे मार्चपासूनच गुन्हा ठरायची. काळ असा मागे वळवणं खगोलशास्त्राला जमत नाही, इतिहासाला तर नाहीच. कायद्याला एका कलमात जमतं.

तिसरा गठ्ठा सरांचा. तिथे मी काय केलं असेल? उत्खननात मिळालेल्या कोळशाचा प्रयोगशाळेचा अहवाल होता. ‘वर्तमानापूर्वी’ इतकी वर्षं, अधिक-उणे चाळीस. मी चालू सालातून आकडा वजा केला, अधिक-उणे गाळलं (कार्डावर जागा नव्हती, हे कारण आज सांगायलाही लाज वाटते) आणि एक छान गोळीबंद साल लिहून दिलं.

सर रागावले नाहीत. त्यांना हसूच आलं. “अगं, प्रयोगशाळेचं ‘आत्ता’ १९५० साली थांबलंय. तू कुठे त्यात दरवर्षी भर घालतेस?”

कार्बन-१४ च्या पद्धतीत ‘वर्तमान’ म्हणजे १९५०, कायमचं. विलर्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मधे ही पद्धत पुढे आणली, इजिप्तमधल्या ज्यांचं वय आधीच माहीत होतं अशा लाकडांवर पडताळून दाखवली, आणि १९६० मधे लिबींना नोबेल मिळालं. पुढच्या अणुचाचण्यांनी हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण इतकं वाढवलं की रेषा कुठेतरी त्याआधीच ओढणं भाग होतं. शिवाय तो आकडा म्हणजे साल नव्हेच. हवेतला कार्बन-१४ पूर्वीही कमीजास्त होत आला आहे, म्हणून झाडांच्या खोडातल्या वर्षवलयांशी ताडून तो दुरुस्त करावा लागतो. आणि सगळ्यात कहर म्हणजे लिबींनी वापरलेला अर्धायुकाल, म्हणजे कार्बन-१४ निम्मा उरायला लागणारा काळ, ५,५६८ वर्षांचा. नंतर कळलं की तो ५,७३० च्या आसपास आहे. तरी अहवाल आजही जुन्याच आकड्याने देतात, कारण मधेच बदललं तर आधीचे हजारो अहवाल आणि नवे अहवाल यांची गल्लत होईल. चुकीचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असलेला आकडा सगळ्यांनी ठरवून वापरायचा. वकीलसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बघा, म्हणजे शास्त्रज्ञांनाही कळतं.”

तीन गठ्ठे आणि तीन चुका झाल्या तेव्हा मी पाठकोऱ्या कागदावर एक यादी करायला घेतली. कुठल्या शास्त्राला काय माहीत आहे याची नव्हे; ते पुस्तकात मिळतं, एका संध्याकाळीत कामापुरतं वाचून होतं. प्रत्येक शास्त्राला कशाची धास्ती वाटते याची. बाईंना धास्ती गाळलेल्या शून्याची आणि सुटलेल्या अधिक-उण्याची. वकीलसाहेबांना दोन अर्थ निघतील अशा वाक्याची. सरांना नकलेची, म्हणजे ज्याचं मूळ कुणी पाहिलेलं नाही अशा कागदाची. ही धास्ती उसनी घेता येत नाही. ती चुका करून करून अंगात भिनते. परक्या विषयात गेलेला माणूस तिथली उत्तरं उचलतो आणि धास्ती दारातच ठेवून येतो. गोंधळ होतात ते तिथे.

याचं माझ्या मते सगळ्यात भयंकर उदाहरण द्रेफस खटल्याचं आहे. आल्फ्रेड द्रेफस हे फ्रेंच सैन्यातले ज्यू अधिकारी, जर्मनीला गुपितं पुरवल्याच्या आरोपावरून १८९४ मधे दोषी ठरले. मुख्य पुरावा एक चिठ्ठी. अक्षर त्यांचं आहे का, हे सांगायला आल्फाँस बर्तियाँ आले. हे कुणी ऐरेगैरे नव्हते. गुन्हेगारांची ओळख शरीराच्या मोजमापांवरून पटवण्याची पद्धत त्यांनी बसवली होती, पॅरिसच्या पोलिसांत त्यांचा दबदबा होता. पण अक्षर हा त्यांचा प्रांत नव्हता. चिठ्ठीतलं अक्षर काही ठिकाणी द्रेफसच्या अक्षराशी जुळेना, तेव्हा त्यांनी निष्कर्ष काढला की द्रेफसने स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली आहे. जुळलं तर त्याचं, नाही जुळलं तर मुद्दाम बिघडवलेलं, म्हणून त्याचंच. यातून सुटायला वाट कुठे आहे?

शिवाय त्यांनी गणितही लावलं. चिठ्ठीत पुन्हा आलेले १३ मोठे शब्द. प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट धरून जुळणीच्या २६ जागा. त्यांपैकी ४ ठिकाणी अक्षरांची जागा जुळते. एक जुळणी योगायोगाने होण्याची शक्यता ०.२, म्हणून चार जुळण्यांची ०.२ चा चौथा घात, म्हणजे ०.००१६. इतकी अशक्य गोष्ट घडली आहे तर ती बनावटच असणार! १८९९ च्या फेरखटल्यात गणितज्ञ आंरी प्वांकारे यांचं पत्र वाचून दाखवलं गेलं. त्यांनी दाखवलं की ०.००१६ ही शक्यता चारांपैकी चारही जुळण्याची आहे. सव्वीसांपैकी निदान चार जुळणं ही कितीतरी साधी गोष्ट आहे, तिची शक्यता ०.७ च्या घरात जाते.

हे वाचून त्या रात्री मी स्वतः कागद-पेन्सिल घेऊन बसले. शाळा सोडल्यावर गणित असं केलं नव्हतं. एकही न जुळण्याची शक्यता, मग एक, मग दोन, मग तीन. चौघांची बेरीज ०.२१. उरले ०.७९. म्हणजे कुणाच्याही हस्ताक्षरात, कुणाच्याही चिठ्ठीत, चार किंवा जास्त जुळण्या पाचांतल्या जवळजवळ चार वेळा निघाल्याच असत्या. एक माणूस समुद्रापलीकडच्या बेटावर कैदेत पडला होता आणि त्याच्याविरुद्धच्या पुराव्यातलं हे गणित एका पाठकोऱ्या कागदावर, तासाभरात, माझ्यासारखीला उलगडता आलं. प्वांकारेंचं पत्र वाचूनही त्या फेरखटल्यात द्रेफस पुन्हा दोषीच ठरले. मग माफी मिळाली, पण कलंक राहिला. प्वांकारे आणि आणखी दोन गणितज्ञांच्या समितीने १९०४ मधे बर्तियाँची सगळी मोजमापं नव्याने करून तो डोलारा पाडला, आणि १९०६ मधे द्रेफस निर्दोष ठरले. बारा वर्षं.

आपण म्हणू, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. पण १९६४ मधे लॉस एंजेलिसमधे एका बाईची पर्स हिसकावली गेली. साक्षीदारांनी सांगितलं: सोनेरी केसांची, पोनीटेल बांधलेली मुलगी पळाली आणि पिवळ्या गाडीत बसली, गाडी चालवणारा कृष्णवर्णीय, दाढीमिशी असलेला. तसं एक जोडपं सापडलं. फिर्यादी पक्षाने गणिताच्या एका प्राध्यापकाला साक्षीला उभं केलं आणि आकडे मांडले: पिवळी गाडी दहांत एक, मिशी चारांत एक, पोनीटेल दहांत एक, सोनेरी केस तिघींत एक, दाढीवाला कृष्णवर्णीय दहांत एक, गाडीत असं मिश्र जोडपं हजारांत एक. गुणाकार, एक कोटी वीस लाखांत एक. ज्युरीने दोषी ठरवलं.

१९६८ मधे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ते आकडे आले कुठून याला कसलाच आधार नव्हता. दाढी आणि मिशी या सुट्या गोष्टी धरून गुणल्या होत्या, जणू दाढीवाले सहसा मिशी उतरवतात. आणि सगळं मान्य केलं तरी, एवढ्या मोठ्या वस्तीत तसंच आणखी एक जोडपं असण्याची शक्यता न्यायालयाने निकालाच्या परिशिष्टात मांडली, ती ४० टक्क्यांच्या आसपास निघाली. न्यायाधीशांनी परिशिष्टात गणित सोडवलेलं आहे, हे पाहून मी बाईंना तो निकाल पाठवला. त्यांनी उत्तर दिलं, “पेपर तपासून पाहिला. पास.”

यातून कुणी असा अर्थ काढेल की आपापल्या कुंपणात राहावं हे बरं. सरांचं मत थोडंफार तसंच होतं. मला ते पटत नाही, कारण इतिहासातल्या बनावट कागदांचाच घोळ पाहा. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेची सत्ता पोपला दान दिली असं सांगणारं एक दानपत्र शतकानुशतकं खरं मानलं जात होतं. १४४० मधे लोरेन्झो वाल्ला या भाषापंडिताने ते वाचलं आणि त्यात ‘सत्रप’ हा शब्द धरला. सत्रप म्हणजे आपला क्षत्रप. मूळ इराणी शब्द. चौथ्या शतकातला रोमन सम्राट आपल्या अधिकाऱ्यांना क्षत्रप कशाला म्हणेल? त्या एका शब्दाला धरून, मग इतर शब्दांना धरून, सगळं दानपत्र उसवत गेलं. तिथे व्याकरण पुरलं. पण अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने १९६५ मधे गाजावाजा करून मांडलेला विनलंडचा नकाशा व्याकरणाला पुरून उरला. कोलंबसाच्या आधीचा, अमेरिकेचा किनारा दाखवणारा नकाशा! चर्मपत्राचं कार्बन-१४ वय आलं पंधराव्या शतकातलं, अगदी हवं तेच. पण शाईत टायटॅनियमचं जे संयुग सापडलं ते विसाव्या शतकातल्या कारखान्यातलं. चर्मपत्र खरं, शाई खोटी. येलनेच २०२१ मधे तो बनावट असल्याचं जाहीर केलं. सरांनी यावर मान हलवली आणि म्हणाले, “म्हणून तर म्हणतो, रसायनवाल्याला फक्त चर्मपत्र दिलं असतं तर त्याने खरंच ठरवलं असतं.” तेही बरोबरच होतं.

कुंपणांच्या मधल्या जागेतही काही पडलेलं असतं, याचं माझं आवडतं उदाहरण डॉन स्वॉन्सन यांचं. मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, पुढे शिकागो विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राकडे वळले. आमच्या जातकुळीतले म्हणा ना. १९८६ मधे त्यांनी दोन प्रकारचे वैद्यकीय निबंध शेजारीशेजारी ठेवले. एका बाजूला रेनॉचा आजार: थंडीत बोटांचा रक्तपुरवठा आखडतो, बोटं पांढरीफटक पडतात, या रुग्णांत रक्ताचा दाटपणा वाढलेला असतो, असं तिथे लिहिलेलं. दुसऱ्या बाजूला माशाच्या तेलावरचे निबंध: त्याने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असं तिथे लिहिलेलं. पहिल्या ढिगातले लोक दुसऱ्याचा हवाला देत नव्हते, दुसऱ्यातले पहिल्याचा देत नव्हते. दोन्हीकडे छापलेलं, दोन्हीकडे सगळ्यांना खुलं, आणि दोन्ही एकत्र कुणी वाचलेलंच नाही. स्वॉन्सन यांनी स्वतः एकाही रुग्णाला हात लावला नव्हता. त्यांनी फक्त सुचवलं. पुढे केलेल्या चाचणीत त्याला आधार मिळाला. एखादं औषध दोन कपाटांच्या मधल्या फटीत पडून असावं, या कल्पनेने मला कित्येक दिवस झोप नीट लागली नाही.

तरीही ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द मसुद्यात दिसला की माझी पेन्सिल आपोआप वर येते. त्यातलं बरंचसं उसनं असतं, आणि उसनं तरी धड कुठे? भौतिकीतून ‘अनिश्चितता’ आणायची आणि ती संशयाचा फायदा देण्याशी जोडायची. जनुकशास्त्रातून ‘डीएनए’ आणायचा आणि घराण्याच्या इतिहासावर चिकटवायचा. शब्द येतो, मागे राहिलेलं अधिक-उणे येत नाही. प्रतिमा म्हणून वापरा, हरकत नाही. प्रतिमेलाच पुरावा म्हणू नका, एवढंच.

जे खरंच दोन्हीकडे वावरले त्यांची कामं पाहिली की फरक कळतो. दामोदर धर्मानंद कोसंबी गणितज्ञ. जनुकशास्त्रात त्यांच्या नावाचं सूत्र आहे. त्यांना प्राचीन आहत, म्हणजे चिन्हांचे ठसे ठोकलेल्या, नाण्यांचा क्रम लावायचा होता. कुणाही नाणेतज्ज्ञासारखे ते चिन्हं पाहत बसले असते. त्यांनी तराजू घेतला. टाकसाळीतून निघताना नाण्यांची वजनं जवळजवळ सारखी असतात. हातोहाती फिरताना ती झिजतात, सरासरी वजन उतरतं आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. म्हणजे नाणं किती काळ चलनात फिरलं हे त्याचं वजनच सांगतं. पण नुसतं म्हणून भागत नाही. म्हणून त्यांनी चालू चलनातली, टाकसाळीचं साल छापलेली नाणीही हजारोंनी तोलून पाहिली, झीज खरंच अशी होते का हे बघायला. मला या माणसाच्या बुद्धीपेक्षा त्या तोलण्याचं जास्त अप्रूप वाटतं. एक नाणं ठेवा, वजन लिहा, उचला, दुसरं ठेवा. कुणी पाहायला नाही.

आणि जर्मन गणितज्ञ-तत्त्वज्ञ लायब्निझ. तो तर तिन्ही गठ्ठे एकट्याच्या टेबलावर घेऊन बसलेला. १६४६ चा जन्म. लाइपझिगने कायद्याची डॉक्टरेट द्यायचं नाकारलं म्हणून आल्टडॉर्फला जाऊन विशीतच मिळवली, तीही कायद्यातल्या पेचदार खटल्यांवर. १६८४ मधे कलनावरचा (कॅल्क्युलसवरचा) निबंध छापला. आणि १६८५ मधे हॅनोव्हरच्या सरदार घराण्याचा, ग्वेल्फ घराण्याचा, इतिहास लिहायचं काम अंगावर घेतलं. मालकाची अपेक्षा होती एखादी सुबक वंशावळ. लायब्निझने दफ्तरं धुंडाळत जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली पालथं घातलं. मग त्याला वाटलं, घराण्याच्या आधी त्या प्रदेशाचा इतिहास हवा. प्रदेशाच्या आधी तिथल्या जमिनीचा. म्हणून त्याने पृथ्वी कशी घडली, खडक आणि जीवाश्म कसे झाले यावर प्रस्तावनेदाखल एक ग्रंथच लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १७४९ मधे छापला गेला. मधल्या काळात घराण्यातला माणूस इंग्लंडचा राजा झाला. लायब्निझला लंडनला यायचं होतं. निरोप आला, आधी इतिहास पुरा कर. १७१६ मधे तो वारला तेव्हा मजकूर इ.स. १००५ पर्यंत पोचला होता.

त्याच्या मागे उरलेली पानं दोन लाखांच्या घरात आहेत, अजून पूर्ण छापून झालेली नाहीत. चिठोऱ्यांवर तो इतकं लिहून ठेवायचा की हवी ती चिठ्ठी शोधण्यापेक्षा तेच काम पुन्हा करणं सोपं पडतं, अशी त्याची तक्रार होती. त्याला माझ्यासारखी कुणीतरी हवी होती, असं मी सरांना म्हटलं. सर म्हणाले, “तू असतीस तर तो १००६ पर्यंत गेला असता.”

तिन्ही कामं संपून आता बरीच वर्षं झाली. परवा वकीलसाहेबांचा पुन्हा फोन आला, त्या मसुद्याची नवी आवृत्ती निघते आहे. ‘बिल ऑफ राइट्स’चं कार्ड मी बाहेर काढलं. त्यावर १६८८ आहे, खाली वेगळ्या शाईने १६८९, आणि त्याखाली राज्यवर्षाचा जुना हवाला, विल्यम आणि मेरी, वर्ष पहिलं, ज्यात साल मुळी नाहीच. मजकुरात मी गुपचूप १६८८ ठेवलं. पानाच्या तळाला मात्र एक टीप घातली आहे, बारीक अक्षरांत, १६ डिसेंबरची तारीख देऊन. मुद्रितं त्यांच्याकडे जाऊन दहा दिवस झाले. टीप त्यांनी अजून पाहिलेली नाही.